बायकांची जागा

रविवार, ७ फेब्रुवारी १९६०

आज माझी सही घेतली. कशावर घेतली ते सही झाल्यावर कळलं.

नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडीचे गोळे, वळत होते, हात भरलेले. मामंजी मधल्या दारात येऊन म्हणाले, "हात धू. हितं नाव लिही." कागद सगळा कानडी. मला वाटलं माझ्या लेकीच्या, बायजाच्या, देवीच्या टोचणीचा असेल. मी लिहिलं, चंद्राबाई संताजी शितोळे. मामंजींनी शाईवर फुंकर घातली आणि म्हणाले, "ह्या घरात सही येणारी एकच बाई. बाकी सगळ्या अंगठ्याच्या." मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

मग जेवताना सांगितलं. पंचायतीची निवडणूक आहे. नवा कायदा झालाय, पक्षबिक्ष काही नाही, गावानं गावातली माणसं निवडायची. अकरा जागा, त्यातली एक बाईची. शुक्रवारी मारम्मादेवीच्या कट्ट्यावर गावातल्या सगळ्या कर्त्या माणसांनी कापूर पेटवून शपथ घेतली, की ह्या गावात मतपेटी येणार नाही, सगळं बिनविरोध. दहा जागांना दहा माणसं ठरली, मामंजीपण त्यात. बाईची जागा आमच्या घराला. म्हणजे मला.

"गावचा पटेल मुनियप्पा विचारत होता, तुमची सून सभेत बोलेल का," मामंजी म्हणाले. "मी म्हटलं, बोलत नाही म्हणूनच देतोय." आणि ताटावरच हसले. आत्याबाई हसल्या नाहीत. पण त्या, माझ्या सासूबाई, कशालाच हसत नाहीत.

मला नववा लागलाय. सभेत कशी जाऊ, असं विचारायचं होतं. घास गिळला.

ही वही ह्यांनी गिरणीतून आणली, जाड पुठ्ठ्याची. हे बेंगळूरला असतात, बसवनगुडीत चुलत्यांकडे राहतात, शनिवारी संध्याकाळच्या मोटारीनं येतात. बाकी दिवस बोलायला कोण आहे. ह्या घरात बोलतात मराठी, वाचतात कानडी. तीनशे वर्षं झाली म्हणे इकडं येऊन, अक्षरं वाटेत कुठंतरी सांडली. माझी निपाणीची चौथी झालीय, मला बाळबोध येतं आणि कानडी वाचता येत नाही. म्हणून मी काहीही लिहिलं तरी कुणाला कळायचं नाही. तरी वही कणगीमागं ठेवते.


बुधवार, १० फेब्रुवारी

यल्लव्वा आली होती, मागच्या दारानं, नेहमीसारखी. पोटाला एरंडेल चोळलं. ती सूईण आहे, ह्या सगळ्या पट्ट्यातली पोरं तिच्या हातावर झाली. मराठ्यांच्या घरांत इतकी वर्षं येतेय की आमच्यासारखंच बोलते, मधेमधे कानडी घालून.

हात फिरवता फिरवता थांबली. परत फिरवला. मी विचारलं काय झालं. म्हणाली, "काही नाही. स्वल्प आडवं आहे."

बायजाच्या वेळी पाय आधी आले होते. दोन दिवस. मला आठवतं ते सगळं लाल लाल. यल्लव्वानं आत हात घालून पोर फिरवलं होतं. तिचा हात लहान आहे, मुलीसारखा. ती नसती तर आज बायजा नसती, मीपण नसते.

"घाबरू नको तायी. चार दिवसांनी एकदा असा हात लावला की आपोआप डोकं खाली येतं. येत राहते मी." तिनं भाकरी फडक्यात बांधून घेतली आणि गेली. मी पोटावर हात ठेवून बसले. इकडं डोकं आहे का तिकडं, मला कळत नाही. दोन्हीकडं टणक लागतं.


शुक्रवार, १२ फेब्रुवारी

यल्लव्वानं काय केलं हे. बाईच्या जागेला तिनं अर्ज भरला. माझ्याविरुद्ध.

मामंजी सकाळपासून दारापुढच्या कट्ट्यावर बसून आहेत. माणसं येतात, जातात. मी आतून ऐकते. मुनियप्पा म्हणाला, देवीसमोर शपथ झालीय, आता मतपेटी आली तर मारम्मा सोडणार नाही, गावात पोरांना देवी येतील. उमाकांत मास्तर शाळेत शिकवतात, ते यल्लव्वाला समजवायला गेले होते, त्यांनी तिथलं सांगितलं. ती म्हणाली म्हणे, "मी कुठं कापूर पेटवला? मला कुणी बोलावलं होतं का कट्ट्यावर? बाईची जागा, आणि शपथ घ्यायला एकपण बाई नव्हती. ज्यांनी घेतली त्यांनी पाळावी."

"तिला पाहिजे तरी काय?" मामंजींनी विचारलं.

"शाळेजवळ बाळंतिणीची खोली पाहिजे म्हणते. आणि आठवड्याला सरकारी नर्स."

"मग स्वतः काय करणार, झोपा काढणार?" सगळे हसले.

मला हसू आलं नाही. तिला माझं काय वाकडं करायचं होतं? बुधवारी माझ्या पोटाला तेल लावताना तिच्या मनात हेच असणार. इतकी वर्षं आमच्या घरची भाकरी नेली.

दिवे लागताना मामंजी आत आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आजपासून ती बाई ह्या घराची पायरी चढणार नाही. मागचीपण नाही."

माझ्या हातातून तवा पडला. आत्याबाईंनी उचलून परत चुलीवर ठेवला. म्हणाल्या, "पोळेल."


रविवार, १४ फेब्रुवारी

आज यल्लव्वाचा यायचा दिवस होता.

ह्यांना सांगितलं. पोर आडवं आहे, यल्लव्वाला येऊ द्या, तुम्ही मामंजींना सांगा. हे नखं कापत बसले होते. म्हणाले, "आबांचं डोकं तापलंय. जरा थंड होऊ दे."

"मला किती दिवस राहिलेत?"

"बेंगळूरला मोठा दवाखाना आहे की. कळा सुरू झाल्या की सकाळच्या मोटारीनं आण म्हणतो आईला."

मी म्हटलं, कळा मोटारीची वेळ बघून येतात का. त्यावर ते हसले आणि बायजाला घेऊन मळ्यात गेले. वाईट नाहीत ते. पण बापासमोर त्यांचा आवाज बायजापेक्षा लहान होतो.

होसूर रस्ता आमच्यापासून दोन मैल चालत. मोटार एक सकाळी सातला, एक संध्याकाळी. मधे काही नाही.


मंगळवार, १६ फेब्रुवारी

चित्रं मिळाली. मला कंदील, तिला शिडी. मतं पडलीच तर बायकांना वाचता येत नाही म्हणून चित्रं. मामंजींनी आमच्याकडं काम करणाऱ्या सगळ्या बायकांना सांगून ठेवलंय, कंदील, कंदील. बायजानं ते ऐकलं आणि दिवसभर कंदील कंदील करत नाचतेय. तिला मारलं मी. नंतर जवळ घेतलं.

विहिरीवर गेले तर बायका बाजूला सरल्या. आधी तू भर म्हणाल्या. मला नकोय असला मान. तिकडून यल्लव्वा आली, घागर घेऊन. तिच्यासाठीपण बाजूला सरल्या, पण वेगळ्या तऱ्हेनं. मी मान खाली घातली. ती जवळून जाताना म्हणाली, "पाय लोंबकळत ठेवून बसू नको. डाव्या कुशीवर झोप." एवढंच. विरोधात उभी आहे आणि कुशी सांगते.

डाव्या कुशीवर झोपून बघितलं. पोर लाथा मारतं, पण खालून नाही. बाजूनं.


गुरुवार, १८ फेब्रुवारी

शेजारच्या वाड्यातल्या एका पोराला ताप आहे. लोक म्हणतात देवी येणार. सगळे माझ्याकडं बघतात, जशी मीच मतपेटी आणणार आहे.

आज मी ठरवलं होतं आत्याबाईंचे पाय धरायचे. त्या रेशमाच्या किड्यांना तुतीचा पाला चिरत होत्या. आमच्या माडीवर किडे आहेत, उद्यापर्यंत कोष विणायला लागतील. मी जाऊन बसले. म्हटलं, आत्याबाई, मला भीती वाटते.

त्यांनी विळी थांबवली नाही. म्हणाल्या, "भीती वाटून पोर सरळ होतं का?"

बस. माझं पाणी डोळ्यातच आटलं. आई असती तर निदान डोक्यावरून हात फिरवला असता. निपाणीला पत्र लिहावं म्हटलं तर टाकणार कोण. ते पण मामंजींच्याच हातात.

मागची खोली त्यांनी आज सारवून घेतली. बाळंतपणाची तीच खोली. सारवताना मला हात लावू दिला नाही, कामाच्या बाईला पण नाही. स्वतः सारवली, गुडघे दुखतात तरी.


शनिवार, २० फेब्रुवारी

रात्री स्वप्न पडलं, मी मेले आणि कंदिलाचं चित्र माझ्या तोंडावर चिकटवलं होतं.

आज आत्याबाई नाचणी पाखडत स्वतःशीच बोलत होत्या. त्या सहसा बोलत नाहीत, म्हणून लक्षात राहिलं. "मुनियप्पाची बायको सांगत होती, मंगळवारी इलेक्शनचा साहेब शाळेत येऊन बसणार. तीनपर्यंत. ज्याला उभं राहायचं नाही त्यानं स्वतः जाऊन सही करायची म्हणे, दुसऱ्यानं केलेली चालत नाही. काय माणसांच्या भानगडी." मग सूप आपटलं आणि मला म्हणाल्या, "बघत काय बसलीस, खडे वेच."

मी खडे वेचले. पण ते शब्द डोक्यात बसले. स्वतः जाऊन सही करायची.

मला तर सही येते.

हे मनात आणायचंपण धाडस कुठलं माझं. मामंजी मला माहेरी घालवतील. बायजाला ठेवून घेतील. त्यांनी एकदा एका कुळाला नुसतं बघून गप्प केलं होतं, मी बघितलंय.


रविवार, २१ फेब्रुवारी

हे आले होते. सहीचं काही सांगितलं नाही मी. जाताना म्हणाले, "तब्येतीला जप." मी हो म्हटलं.

पोर अजून बाजूनंच लाथ मारतं.


मंगळवार, २३ फेब्रुवारी

सगळं नीट लिहिते. उद्या मला खरं वाटणार नाही.

सकाळी मामंजी कोष घेऊन बाजाराला गेले. जाणार होते उद्या, पण आत्याबाई म्हणाल्या कोष पिकलेत, आजचा दिवस घालवला तर आतली पाखरं फोडून बाहेर येतील. मामंजींनी एक कोष हलवून बघितला, म्हणाले अजून एक दिवस निघेल. आत्याबाई म्हणाल्या, "किडे कोण सांभाळतं, तुम्ही का मी?" गेले. माझं नशीब. मारम्मालाच माझी दया आली असेल.

दुपारी आत्याबाई म्हणाल्या, "मास्तरांच्या बायकोला नाचणीचं पीठ देऊन ये. कधीचं मागतेय."

मी म्हटलं, आत्ता? ह्या उन्हात?

"आत्ताच. आणि धडकं लुगडं नेस. शाळेत जातीस, फाटक्या लुगड्यानं जाऊ नको. बायजाला ठेव माझ्याकडं."

मला रडूच आलं. नववा भरत आलाय आणि मला उन्हात पीठ पोचवायला पाठवतात. पण दार ओलांडलं आणि लक्षात आलं, शाळा. मास्तर शाळेतच राहतात. आज मंगळवार.

रस्ताभर मी म्हणत होते, नुसतं पीठ देईन आणि येईन. मास्तरीणबाईंना पीठ दिलं. त्या पाणी प्या म्हणाल्या. पाणी प्याले. पलीकडच्या वर्गात साहेब टेबलाशी बसलेला, चष्मा घातलेला, जांभया देत. समोर कुणीच नव्हतं. भिंतीवर घड्याळ होतं, मला ते बघता येतं. अडीच वाजून गेले होते.

कसे पाय गेले माहीत नाही. मी टेबलासमोर उभी राहिले आणि तोंडातून एकच शब्द आला. "बेडा."

साहेबानं वर बघितलं. "काय बेडा अम्मा? काय नको?"

मी बोटानं माझ्याकडं दाखवलं. कंदील, म्हटलं. कंदील बेडा. मास्तर धावत आले, त्यांनी समजावून सांगितलं, ही अप्पासाहेबांची सून. साहेबानं कागद काढला. मग पेन हातात न देता मला विचारलं, मास्तरांनी मराठीत करून सांगितलं, "तुमच्यावर कुणी जबरदस्ती केलीय का? आपल्या मनानं आलात ना?"

पहिल्या कागदाला हे कुणी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, आपल्या मनानं. आवाज मला माझा वाटला नाही. सही केली. साहेबानं जुना कागद काढून दोन्ही सह्या शेजारी धरून बघितल्या. त्याला एक अक्षर येत नव्हतं वाचायला, पण चित्र जुळवावं तसं त्यानं जुळवलं आणि म्हणाला, "सरी." म्हणजे ठीक आहे.

बाहेर आले. शाळेच्या भिंतीला टेकले. यल्लव्वा तिथंच चिंचेखाली बसली होती, तिला साहेबानं बोलावलं होतं की ती आपणहून आली होती, माहीत नाही. मला बघून उठली. मी म्हटलं, मी नाव काढलं. आता तरी येशील का?

तिनं लुगड्यावरूनच पोट चाचपलं. तिचं तोंड बघूनच कळलं. "आडवंच आहे," म्हणाली. "आता हितं उभ्यानं काय करू. घरात घ्यायला सांग मला."

"मामंजी घेणार नाहीत."

"अनसूयाच्या वेळीपण नव्हतं घेतलं," ती म्हणाली. "पाटाच्या पाण्यावरून तुझ्या सासऱ्याचं माझ्या भावाशी भांडण होतं. मी दीड दिवस मागच्या दारात बसून होते. आतून ऐकू येत होतं. मग ऐकू यायचं बंद झालं." असं म्हणून तिनं पदर सारखा केला. "म्हणून उभी राहिले मी. तुझ्याविरुद्ध नाही. एक खोली पाहिजे, जिचं दार कुणाच्या सासऱ्याच्या हातात नाही."

अनसूया म्हणजे माझी नणंद. माझ्या लग्नाआधी दोन वर्षं वारली. मला सांगितलं होतं तापानं गेली.

घरी आले तर आत्याबाईंनी पाटावर ताक काढून ठेवलेलं. "दिलंस?" विचारलं. मी म्हटलं दिलं. पीठ दिलं म्हणजे. त्यांनी माझ्याकडं बघितलं पण नाही. जेवणाचं ताट माझ्यासमोर सरकवलं, त्यात तूप होतं. इकडं तूप सणालाच असतं. कशाला वाढलं कोण जाणे.

मामंजी अजून आले नाहीत.


बुधवार, २४ फेब्रुवारी

काल मामंजी आले ते मुनियप्पाबरोबरच आले. रस्त्यातच कळलं होतं. मी चुलीमागं उभी. मला वाटलं आता हाक येईल.

पण हाक आली नाही. मुनियप्पा खूष होता. "अप्पासाहेब, तुमच्या घरानं शपथ पाळली. एका जागेला एकच नाव राहिलं, मतपेटी येत नाही. बिनविरोध." त्याला सगळ्या जगात मतपेटीचीच भीती होती.

मामंजींनी आधी पागोटं काढून ठेवलं. मग म्हणाले, "हो. गावासाठी करावं लागतं."

म्हणजे त्यांनी मला पाठवलं असं त्यांनी सांगितलं. माझा जीव भांड्यात पडावा की नाही, कळेना. मुनियप्पा गेल्यावर ते मधल्या दारात आले. मी भिंतीत शिरले असते. ते म्हणाले, "सही येते म्हणून फार झालं का?"

मी पदर डोक्यावर ओढला.

"ती बाई घरात यायची नाही. मेंबर झाली तरी नाही. हे ध्यानात ठेव."

एवढंच. म्हणजे मी नाव काढून काहीच झालं नाही. उलट त्यांचा राग वाढला आणि पोर आहे तिथंच आहे.


शुक्रवार, २६ फेब्रुवारी

शाळेसमोर साहेबानं अकरा नावं वाचली. आमच्याच बागेतली कनकांबराची, म्हणजे अबोलीची, फुलं, आत्याबाईंनी हार ओवले, मोजून अकरा. मामंजींनी सगळ्या मेंबरांना हार दिले. यल्लव्वालापण द्यावा लागला, साहेब बघत होता. साहेबानं मामंजींना सगळ्यांसमोर विचारलं, गाव खरंच एक आहे ना, मी तसा रिपोर्ट देतो. मामंजी म्हणाले, "एक आहे. सगळे मेंबर आम्हाला घरच्यासारखे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे सगळं मास्तरीणबाईंनी येऊन सांगितलं. त्या बोलत होत्या तेव्हा आत्याबाई दोन वेळा म्हणाल्या, "काय म्हणाले? घरच्यासारखे?" कान जरा कमी झालेत त्यांचे.

मामंजी चेअरमन होणार म्हणतात. पुढच्या शुक्रवारी, मारम्माच्या कट्ट्यावरच ठरणार, देवीला कौल लावून.


रविवार, २८ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं, उद्या सुट्टी घ्या, मला आत्ताच दवाखान्यात न्या. म्हणाले, गिरणीत रजा मिळत नाही, पुढच्या आठवड्यात बघतो. संध्याकाळी गेले.

बायजाची झबली दुमडून ठेवली. मी नसले तर कुठं काय आहे ते सापडायला पाहिजे. माझ्या पाटल्या बायजाला, हे इथं लिहून ठेवते. पण वाचणार कोण. आत्याबाईंना तोंडी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या पाटल्या तूच घाल."


बुधवार, २ मार्च

सकाळी नऊपासून पोटात येतंय. मोटार गेली. मामंजी कट्ट्यावर बसलेत.

कंबरेतून येतंय. बायजाच्या वेळी असंच


सोमवार, ७ मार्च

मी आहे.

मुलगी झाली. तीपण आहे.

झालं ते आठवेल तसं लिहिते. दुपारी मी मागच्या खोलीत होते, आत्याबाई कंबर धरून. मी ओरडत होते यल्लव्वा, यल्लव्वा. मामंजी बाहेरून म्हणाले, तिचं नाव ह्या घरात नको, दुसऱ्या गावची सूईण बघायला गडी पाठवलाय. आत्याबाईंनी माझा हात सोडला आणि बाहेर गेल्या. मला वाटलं आता संपलं, ह्यापण गेल्या.

किती वेळ गेला माहीत नाही. मग पुढच्या दारात आवाज आला. पुढच्या. आत्याबाई बोलत होत्या, अशा मोठ्यानं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "उठा. वाट द्या. मेंबर आल्यात घरी."

मामंजी काहीतरी म्हणाले.

"साहेबापुढं तुम्हीच म्हणालात, घरच्यासारख्या. अख्ख्या गावानं ऐकलंय. आता सूईण नाही आली दारात, पंचायत आलीय. अडवायची असेल तर अडवा, मी मुनियप्पाला बोलावते, त्याच्यासमोर अडवा."

मग कट्ट्यावरचं घोंगडं कुणीतरी ओढल्यासारखा आवाज. आणि यल्लव्वा पुढच्या दारानं, सोप्यातनं, देवघरासमोरून चालत आत आली. हात कोपरापर्यंत धुतलेले होते.

पुढचं लिहीत नाही. हात आत घालून तिनं फिरवलं. एकदा तिनं आत्याबाईंना म्हटलं, "अक्का, तुम्ही बाहेर जा, तुम्हाला बघवणार नाही." आत्याबाई म्हणाल्या, "ह्यावेळी मी इथंच बसणार." दिवसभर बसल्या, रात्रीपण बसल्या. दुसऱ्या खेपेच्या बाळंतिणीजवळ इतकं कुणी बसत नाही. माझी भीती वाटली असेल त्यांना, मी मेले तर पोरींना कोण बघणार.

शुक्रवारी मामंजी चेअरमन व्हायचे होते. पण घरात बाळंतपण झालं, दहा दिवस सोयर. सोयरातल्या माणसाला मारम्माच्या कट्ट्यावर जाता येत नाही. मुनियप्पा चेअरमन झाला. मामंजींनी गावातलं पान न् पान मोजलं होतं, फक्त माझे महिने मोजायचे राहिले. मला ऐकू येईल असं म्हणाले, "दोन दिवस थांबता आलं नाही?" मी काय करणार होते. आता त्यांचा राग कुठं निघेल ह्या विचारानं दूध आटेल की काय असं वाटतं.

आत्याबाईंनी त्यांना जेवण दारापुढच्या कट्ट्यावरच नेऊन दिलं. म्हणाल्या, "घरी बसा. बरं असतं अधूनमधून."


बुधवार, ९ मार्च

यल्लव्वा रोज येते, बाळाला न्हाऊ घालायला. पुढच्याच दारानं येते. मामंजी ती आली की तोंड फिरवून तुतीच्या मळ्याकडं बघतात.

ह्या खोलीत दहा दिवस पुरुष येत नाहीत. दार लावून घेतलं की आत आम्ही तिघी आणि बाळ. बायजा मधेच येऊन शेक घेते.

आज यल्लव्वानं धुरीची मडकी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "तायी, सभेत अंगठा घेतला माझा. काय लिहिलंय ते कुणी सांगितलं नाही. खोलीचं म्हटलं तर पुढच्या महिन्यात बघू म्हणाले. मला नाव काढायला शिकव."

मी म्हटलं मला कानडी येत नाही.

"तुझी कुठली ती लिपी, साहेबाला चालली का नाही? मग मलापण चालेल. वाचायला मास्तर आहेत. सही तेवढी माझी पाहिजे."

मामंजींना कळलं, मी हिला शिकवते, तर. दार जवळच आहे, ते कट्ट्यावर खोकतात ते इथं ऐकू येतं. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या बाळाच्या टाळूवर तेल थापत होत्या. म्हणाल्या, "माझ्या कानाला हल्ली काही ऐकू येत नाही," आणि दाराला पाठ लावून बसल्या.

पाटी नव्हती. म्हणून ही वही काढली. तिच्या त्या लहान हातात पेन्सिल बसेना, पेन्सिल धरली की मूठ वळते. मी तिचा हात धरून पाच-सहा वेळा फिरवला. मग म्हणाली सोड. जीभ दातात धरून तिनं एकटीनं काढलं. ते खाली आहे. वाकडं आहे, शेवटचं अक्षर ओळीच्या बाहेर पडलंय.

यल्लव्वा

हे पान फाडून चुलीत घालायला पाहिजे. बाकी काही वाचता आलं नाही तरी हे नाव पंचायतीच्या कागदावर दिसलं की मामंजी चित्रासारखं जुळवतील. उद्या घालते.